माळ्यावरची वटवाघळं आणि झोपलेलं मूल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. छपराच्या फटीतून माळ्यावर लहान वटवाघळं येतात, दोन वर्षं झाली. परवा रात्री त्यातलं एक झोपायच्या खोलीत शिरलं आणि सकाळी पडद्याला लटकलेलं दिसलं. त्याच खोलीत तुमचा सहा वर्षांचा मुलगा रात्रभर झोपला होता. यजमानांनी वटवाघळावर टॉवेल टाकला, पडद्यात अडकलेली त्याची नखं उघड्या हाताने सोडवली आणि ते बाहेर सोडून दिलं. कुणाच्या अंगावर चाव्याची खूण दिसत नाही. अंगणातल्या झाडावर मोठी फळखाऊ वटवाघळंही येतात आणि खाली पडलेली अर्धवट फळं मुलं उचलतात. शेजारी म्हणतात, धूर करा, सगळी पळतील. तुमचा प्रश्न आहे की ही वटवाघळं घरात असणं धोक्याचं आहे का, आणि असेल तर त्यांना घालवायचं कसं.

मी वन्यप्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे. जखमी वटवाघळं हाताळणं आणि ज्यांच्या घरात ती राहतात त्यांच्याशी बोलणं हे माझं बऱ्याच वर्षांपासूनचं काम. तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात आधी माळ्याची काळजी वाटली नाही. माळ्यावरच्या वस्तीचा निर्णय काही आठवडे, गरज पडली तर काही महिनेही थांबू शकतो. परवा रात्री खोलीत जे घडलं त्याचा निर्णय मात्र आजच व्हायला हवा. मुलगा आणि यजमान या दोघांनाही आज डॉक्टरांकडे न्या, आणि "वटवाघूळ रात्रभर मुलाच्या खोलीत होतं, एकाने उघड्या हाताने धरलं" असं स्पष्ट शब्दांत सांगा. "घरात वटवाघूळ आलं होतं" एवढंच सांगितलं तर पुष्कळदा "काही होत नाही" असं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

घाई रेबीजमुळे आहे. हा विषाणू लाळेतून शरीरात जातो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभर, क्वचित वर्ष. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण त्याआधी लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) वेळेवर दिलं तर आजार अडवता येतो. म्हणून परवाची गोष्ट झाली, आता उशीर झाला असं मनात आणू नका. लक्षणं नसतील तोवर उपचार सुरू करता येतो. फक्त आणखी वेळ घालवू नका. लस लहान मुलांना चालते, गर्भवतींनाही चालते.

"पण खूण तर नाही" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. माळ्यावर राहणाऱ्या बऱ्याच जातींचं वजन पाच-दहा ग्रॅम असतं. उपचारासाठी असं वटवाघूळ हातात घेतो तेव्हा चिमट्याच्या टोकाने त्याचा ओठ बाजूला करून दात पाहतो. सुळा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, सुईसारखा निमुळता, भिंगाशिवाय नीट दिसतही नाही. असा दात त्वचेत शिरला तर टाचणी टोचल्याइतका ठिपका उरतो. रक्त येईलच असं नाही, आणि काही तासांत तो ठिपका डासाच्या चाव्यात किंवा खाजवल्याच्या ओरखड्यात मिसळून जातो. जागा असलेला मोठा माणूस चावा जाणवला म्हणून सांगू शकतो. गाढ झोपलेलं मूल, दारूच्या किंवा औषधाच्या गुंगीतला माणूस, बोलता न येणारा आजारी माणूस यांच्याकडून ते कळत नाही. खूण नसणं हा त्यांच्या बाबतीत पुरावा धरता येत नाही.

यजमानांचा प्रश्न वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटना रेबीजच्या धोक्याचे तीन वर्ग करते. बाकीच्या प्राण्यांना नुसता हात लागला तर तो पहिल्या, म्हणजे उपचार न लागणाऱ्या वर्गात जातो. वटवाघळाशी थेट स्पर्श मात्र तिसऱ्या, सगळ्यात गंभीर वर्गात धरला जातो, आणि त्याचं कारण वर सांगितलेला तो न दिसणारा चावा हेच आहे. पुढे कधी कुणाला चावा किंवा ओरखडा लागलाच तर जागच्या जागी साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही पंधरा वाटतात. त्यानंतर जंतुनाशक लावायचं, कुठलाही लेप किंवा पूड नाही, आणि थेट डॉक्टर.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. प्रत्यक्ष रेबीजचा विषाणू वटवाघळांमध्ये सापडतो तो उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत. अमेरिकेत देशातच लागण होऊन जे थोडे लोक रेबीजने दगावतात त्यातले बहुतेक वटवाघळांमुळे. जगाच्या इतर भागांतल्या वटवाघळांत त्याच कुळातले भाऊबंद विषाणू आढळतात. युरोपात त्यांचे निरनिराळे प्रकार आहेत, ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये एक सापडला आणि त्याने माणसं दगावलीही आहेत, श्रीलंकेतल्या फळखाऊ वटवाघळांतही एक मिळाला आहे. यांच्यापैकी माणसाला झालेले आजार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि या जवळच्या भाऊबंदांवर हीच लस उपयोगी पडते. जगभरात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे होतात, हेही लक्षात असू द्या. म्हणजे तुमच्या मुलाला काही झालं असण्याची शक्यता फार कमी आहे. पण चूक झाली तर ती निस्तरता येणार नाही आणि इलाज सुरक्षित आहे, म्हणून माझं पारडं डॉक्टरांकडे जाण्याच्या बाजूने झुकतं.

झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, एवढ्यावर उपचार द्यावा का, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेत अशा प्रसंगी उपचाराचा विचार करायला सांगतात. कॅनडातले तज्ज्ञ स्पर्श झाल्याचा काही मागमूस आहे का याला जास्त वजन देतात. तुमचे डॉक्टर तुमच्या भागातल्या मार्गदर्शनाप्रमाणे ठरवतील. त्यांनी विचारपूर्वक "मुलाला गरज नाही" असं सांगितलं तर ते मान्य करा. विचारच न करता सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना किंवा आरोग्य विभागाला विचारा.

ते वटवाघूळ हातात असतं तर हा पेच सुटला असता, कारण प्रयोगशाळेत त्याच्या मेंदूची तपासणी करून काही दिवसांत उत्तर मिळतं. म्हणून झोपेतल्या माणसाच्या खोलीत पुन्हा वटवाघूळ दिसलं, किंवा ते कुणाला चावलं, तर ते सोडून देऊ नका. जाड चामड्याचे हातमोजे घाला. बसलेल्या वटवाघळावर डबा उपडा ठेवा, डबा आणि भिंत यांच्यामधून पुठ्ठा सरकवा, झाकण म्हणून पुठ्ठा चिकटपट्टीने पक्का करा आणि हवेसाठी अगदी बारीक भोकं पाडा. मग आरोग्य विभागाला किंवा पशुवैद्यकीय प्रयोगशाळेला फोन करा. त्याला मारू नका, निदान डोक्यावर घाव तरी मुळीच घालू नका, कारण डोकं चेचलं तर तपासणी होत नाही.

जागेपणी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एखादं आत आलं आणि कुणाला शिवलं नाही, तर एवढं काही करायचं कारण नाही. सगळ्यात आधी छताचा पंखा बंद करा. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या पंखांच्या वटवाघळांपैकी पुष्कळ या पंख्याचीच असतात. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर काढा, घरात उघडणारी दारं लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा, दिवे घालवा आणि बाजूला उभे राहा. खोलीत घिरट्या घालताना ते तुमच्या डोक्याजवळून जाईल, पण केसात अडकायला येत नाही. बाहेर जायची वाट शोधत असतं. बहुतेक वेळा थोड्या वेळात निघून जातं. दिवसा जमिनीवर पडलेलं, उडता न येणारं, सहज हाती लागणारं वटवाघूळ मात्र आजारी धरून चाला. मुलांना एकच गोष्ट शिकवा: खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

माळ्यावरच्या लेंड्यांबद्दल तुम्ही फक्त वासाची तक्रार केली आहे. त्यातला खरा मुद्दा धुळीचा आहे. आधी लेंड्या वटवाघळांच्याच आहेत ना, ते पाहा. काडीने दाबून बघा. उंदराची वाळलेली लेंडी खड्यासारखी टणक असते. कीटकभक्षी वटवाघळाची लेंडी लगेच भुगा होते आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे, पाठीच्या कवचांचे चमकणारे कण दिसतात. या लेंड्यांतून किंवा मुतातून रेबीज होत नाही. पण लेंड्यांचा थर साचून जुना झाला, त्याला ओल लागली, की त्यात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. ती सगळीकडे नसते. काही प्रदेशांच्या मातीत जास्त असते, काहींत नसल्यात जमा. कोरडा थर झाडला की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. निरोगी माणसाला बऱ्याचदा काही होत नाही, किंवा तीन ते सतरा दिवसांनी ताप, खोकला, थकवा येऊन जातो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र गंभीर आजार होऊ शकतो. घरात कुणी कर्करोगाचे उपचार घेत असेल, अवयव बदललेला असेल, स्टेरॉइड चालू असतील, तर त्यांनी माळ्याच्या आसपासही फिरकू नये. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

सफाई करताना कोरडा झाडू आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य, दोन्हींनी धूळच उडते. घट्ट बसणारा एन-९५ मास्क, हातमोजे आणि नंतर धुता येतील असे पूर्ण अंगभर कपडे घाला. थरावर आधी हलक्या फवाऱ्याने साबणाचं पाणी मारा, मुरू द्या, मग ओला थर फावड्याने पिशवीत भरून तोंड बांधा. चार-दोन मुठी लेंड्या असतील तर हे तुम्ही करू शकता. पायाचा घोटा बुडेल इतका थर असेल तर योग्य साधनं असलेल्या माणसांकडूनच करून घ्या. आणि वटवाघळं माळ्यावर असताना तिथे चढूच नका.

आता झाडावरची मोठी वटवाघळं आणि निपा हा विषाणू. बातम्यांमुळे तुमच्या मनात हा शब्द असणारच. १९९८-९९ मध्ये मलेशियात ही साथ आली ती डुकरांमार्फत. फळझाडांखाली डुकरांचे गोठे होते, वटवाघळांनी उष्टावलेली फळं खाली पडत होती, डुकरं आजारी पडली आणि त्यांच्यामुळे माणसं. बांगलादेशात बहुतेक लागण खजुरीच्या कच्च्या रसातून होते, कारण रात्री झाडाला बांधलेल्या मडक्याशी वटवाघळं रस चाटायला येतात. तिथे मडक्यावर बांबूची आडवी जाळी बांधली की वटवाघळं रसापर्यंत पोचत नाहीत, हे अभ्यासातून दिसलं आहे. २०१८ मध्ये केरळात कोळिकोड भागात साथ आली तेव्हा पुढची लागण मुख्यतः रुग्णालयात आणि घरात, रुग्णाच्या जवळ असलेल्यांना झाली. रोग भयंकर आहे, लागण झालेल्यांपैकी ४० ते ७५ टक्के दगावतात. पण वटवाघूळ डोक्यावरून उडालं किंवा समोरच्या झाडावर लटकलं म्हणून तो होत नाही. विषाणू लाळ-मुतातून खाण्यापिण्यावर पडतो आणि ते पोटात गेलं तर धोका असतो. म्हणून खाली पडलेली, दात लागलेली, खरवडलेली फळं सरळ टाकून द्यायची. तेवढा भाग कापून बाकीचं खाणंही नको. झाडावरून काढलेली चांगली फळं धुऊन, सोलून खा. कच्चा रस उकळल्याशिवाय पिऊ नका. विहीर किंवा पाण्याची टाकी झाडाखाली असेल तर झाका, गुरं-डुकरं त्या झाडाखाली बांधू नका.

कोविडबद्दलही लोक विचारतात. त्या विषाणूचे जवळचे नातेवाईक चीन आणि लाओसमधल्या काही वटवाघळांत सापडले आहेत, एवढं खरं. माळ्यावरच्या वटवाघळापासून घरच्यांना कोविड होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही.

इतके विषाणू असून वटवाघळं स्वतः आजारी का पडत नाहीत, हे समजलं की धूर का करू नये तेही समजतं. उडताना त्यांच्या शरीरावर प्रचंड ताण येतो, आणि तो सोसण्यासाठी त्यांची प्रतिकारयंत्रणा वेगळी घडली आहे. विषाणूला ती दाबून ठेवते, पण आपल्यासारखी जोराची सूज येऊ देत नाही. विषाणू अंगात कमी प्रमाणात राहतो आणि वटवाघूळ धडधाकट असतं. ते उपाशी राहिलं, हुसकलं गेलं, ताणाखाली आलं की हा तोल बिघडतो आणि विषाणू जास्त बाहेर पडू लागतो. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणू वटवाघळांकडून घोड्यांकडे जातो. तिथल्या बऱ्याच वर्षांच्या नोंदींवरून दिसलं की जंगलात फुलोरा कमी झाला, जंगल तुटलं आणि वटवाघळं अन्नासाठी वस्तीजवळ आली की घोड्यांमधली लागण वाढते. युगांडातल्या एका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या जीवघेण्या विषाणूची लागण झाल्यावर तिथली वटवाघळं मारून टाकली गेली. काही वर्षांनी नवी येऊन वसली तेव्हा त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलं होतं. मला या विषयात सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते हेच. वटवाघळं शांत राहिली तर आपणही सुरक्षित राहतो.

धूर केलात तर आज बाहेर जाणारी वटवाघळं घरातल्या खोल्यांत शिरतील, पिल्लं माळ्यावर मरून सडतील, आणि घाबरलेली वटवाघळं हाताळण्याची वेळ तुमच्यावर येईल. म्हणजे ज्या प्रसंगाने तुम्ही घाबरलात तोच दहापट होईल. डांबराच्या गोळ्यांनी ती जात नाहीत, विषारी वाफ मात्र तुमच्या नाकात जाते. अतिध्वनीची यंत्रं विकत मिळतात, त्यांचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

मग ठेवायची की घालवायची? माळा वापरात नसेल, राहत्या खोल्यांत येण्याच्या सगळ्या वाटा बंद करता येत असतील, तर माझं मत राहू द्यावी असं आहे. कीटक खाणाऱ्या वटवाघळांचं मोल ती गेल्यावर कळतं. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळं मेली. ज्या भागांत ती गेली तिथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि त्याच भागांत अपघाताखेरीज इतर कारणांनी होणारे अर्भकमृत्यू जवळपास ८ टक्क्यांनी वाढल्याचं २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे तुम्ही सुरुवात आतल्या बाजूने करा. छताच्या दिव्यांभोवतीची भोकं, पाइप जातात तिथल्या फटी, माळ्याच्या झडपेची कड, खिडक्यांच्या जाळ्या. बोटभर जाडीची फटही लहान वटवाघळाला पुरते. ही कामं कुठल्याही महिन्यात करता येतात आणि मुलाची खोली एका दिवसात सुरक्षित होते.

वस्ती फार मोठी असेल, घरात प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल, किंवा तुम्हाला झोपच लागत नसेल, तर घालवा, पण योग्य वेळी. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं आणि पहिले काही आठवडे त्याला उडता येत नाही. थंड प्रदेशांत हा काळ उन्हाळ्यात येतो, आणि हिवाळ्यात वटवाघळं झोपी गेलेली असतात, म्हणून तेव्हाही नको. उष्ण प्रदेशांत जातीप्रमाणे महिने बदलतात, काही जातींना वर्षात दोनदा पिल्लं होतात. तुमच्या भागातला काळ तिथल्या वन्यजीव विभागाला विचारा. कायदाही त्यांनाच विचारा, कारण ब्रिटन आणि युरोपीय संघासह अनेक देशांत वटवाघळांच्या वस्तीला हात लावणं गुन्हा आहे.

काम असं करतात. दोन-तीन संध्याकाळी, अंधार पडायच्या सुमारास घराच्या चारही बाजूंना माणसं उभी करून वटवाघळं कुठून बाहेर पडतात ते पाहा. फटीखालच्या भिंतीवर तेलकट काळपट डाग आणि खाली लेंड्या दिसल्या की ती वाट नक्की. मुख्य वाट सोडून बाकी सगळ्या फटी बंद करा. मुख्य वाटेवर बारीक भोकांची, पंख अडकणार नाही अशी जाळी वरून आणि दोन्ही कडांनी ठोका. ती फटीच्या खाली हातभर सैल लोंबू द्या आणि खालचं तोंड उघडं ठेवा. वटवाघूळ भिंतीवरून सरपटत खाली येऊन उडून जातं. परतताना ते फटीपाशीच धडपडतं, खालून शिरायचं त्याला सुचत नाही. किमान आठवडाभर, पाऊस-थंडी नसलेल्या रात्री मिळेपर्यंत जाळी राहू द्या. जमलं तर महिना-दोन महिने आधी जवळच उंचावर लाकडी वटवाघूळ-पेटी लावून ठेवा. ती त्याच त्या जागी वर्षानुवर्षं परतणारी असतात, म्हणून दुसरी जागा आधीपासून ओळखीची असलेली बरी.

शेवटची फट बुजवल्यावर दोन-तीन संध्याकाळी माळ्याखाली उभं राहून ऐका. आतून किचकिच किंवा खरवडल्याचा आवाज आला तर एखादं आत राहिलंय. ती फट लगेच उघडा, जाळी पुन्हा लावा आणि आणखी काही रात्री जाऊ द्या.